मामलेदारांचं कार्ड

आमच्या ग्रुपचे किस्से कोणी जमवले नाहीत, ते आपोआप साचले. मिशिगनमध्ये वर्षातले पाच महिने बाहेर बर्फ. माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये. मग चहा, मग चिवडा, मग तोच किस्सा, आणि दर वेळी त्यात सांगणाऱ्याची थोडी भर. आता इतके झालेत की नवीन माणूस ग्रुपमध्ये आला की त्याला पहिले दोन शनिवार नुसतं ऐकावं लागतं.

त्यातले निम्मे एका सरड्याचे आहेत. बाकीचे लोक ते चुकीचे सांगतात, आपापला भाग गाळून सांगतात, म्हणून मी सांगते. माझा भाग मी गाळणार नाही. गाळला असता, पण त्याचा लेखी पुरावा आहे.

*

नंदू मूळचा नागपूरचा. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये गाड्यांच्या सीट टेस्ट करायचा. म्हणजे एक मशीन सीटवर दिवसभर उठतं-बसतं आणि नंदू ते बघतो. वय तेहतीस, लग्न नाही, अपार्टमेंटमध्ये एक सोफा आणि एक टीव्ही.

२००३ च्या उन्हाळ्यात त्याच्या ऑफिसातल्या एका गोऱ्याची नोकरी गेली. तो टेक्सासला निघाला आणि जाताना एक जाळीचा पिंजरा नंदूकडे ठेवून गेला. "दोन आठवडे सांभाळ यार," म्हणाला. ते दोन आठवडे अजून संपायचेत.

पिंजऱ्यात कॅमेलियन होता. हिरवागार, वीतभर अंग, तेवढीच शेपूट, डोक्यावर तुरा. एक डोळा आपल्याकडे, दुसरा दाराकडे. स्मिताचा नवरा अविनाश त्याच्याकडे पाच मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हा मामलेदार आहे. एका डोळ्यानं आपला अर्ज बघतोय, दुसऱ्यानं बाहेर अजून कोण थांबलंय ते बघतोय, आणि सही काही करत नाहीये."

नाव पडलं ते पडलंच. तेही आदरार्थी. मामलेदार जेवले, मामलेदार झोपले.

पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण "सरड्याची धाव कुंपणापर्यंत" म्हणायचा आणि आपल्यालाच सुचलं अशा थाटात हसायचा. नंदू शांतपणे सांगायचा, "कुंपण नाही, जाळी आहे. आणि ते धावत नाहीत."

मामलेदार वाटीतलं पाणी पीत नसत. पानावर थेंब पडला तरच चाटायचे. म्हणून नंदूनं प्लॅस्टिकच्या ग्लासला सुईनं भोक पाडून तो पिंजऱ्यावर ठेवला होता. टप, टप, टप. स्मिता पहिल्यांदा आली तेव्हा तिनं ते बघितलं आणि आपोआप हात जोडले.

"काय करतेस?" मी विचारलं.

"अगं, अभिषेक चाललाय असं वाटलं."

*

मामलेदारांचं जेवण म्हणजे जिवंत रातकिडे. दुकानात खोक्यातून मिळतात. आता त्यातली गोम अशी की रातकिड्याच्या पोटात जे जाईल तेच पुढे मामलेदारांच्या पोटात जाणार, त्यामुळे आधी रातकिड्यांना चांगलंचुंगलं खायला घालायचं. पालेभाजी, रताळं, गाजर.

एकदा नंदू लग्नाला जर्सी सिटीला गेला आणि किड्यांचं खोकं स्मिताकडे ठेवून गेला. स्मिता नाशिकची. तिच्या घरात आलेला कोणीही उपाशी राहिलेला तिला चालत नाही. नंदूनं सांगितलं होतं गाजर द्या. तिनं गाजर हलवा दिला.

"नुसतं गाजर कसं द्यायचं समोर?" हे तिचं म्हणणं.

अकरा रातकिडे तुपात अडकले. त्यांना सोडवायला तिनं झाकण उघडलं, तर उरलेले सगळे फ्रीजच्या मागे गेले. जानेवारी महिना, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हिच्या स्वयंपाकघरात अखंड किर्रर्र. रविवारी नाशिकहून आईचा फोन आला. आईनं जरा ऐकलं आणि विचारलं, "अगं, तुमच्याकडे आत्ता पावसाळा असतो का?"

स्मिता "हो" म्हणाली. खरं सांगायचं तर पार टेक्सासपासून सांगावं लागलं असतं.

*

त्याच फेब्रुवारीत मामलेदारांचा नेम चुकायला लागला.

कॅमेलियनची जीभ त्याच्या अंगाहून लांब असते. बंदुकीसारखी सुटते, चिकटते आणि किडा आत. ती आता अर्ध्यावरच पडायला लागली. मग डोळे सुजले. मग एक डोळा उघडेचना. ज्या प्राण्याचं सगळं दोन डोळ्यांवर चालतं त्यानं एक डोळा मिटून घ्यावा, हे बघवत नव्हतं. नंदूचं जेवण सुटलं.

आमच्यात नोव्हायचा केतन इंटरनेटवरून सगळं शोधून आणतो. त्यानं सरडेवाल्यांच्या एका फोरमवरून चाळीस पानं छापून आणली. व्हिटॅमिन ए कमी पडलंय, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे भांडण. निम्मे म्हणत होते किड्यांना भरपूर गाजर द्या, गाजरातून शरीर ए बनवतं. निम्मे म्हणत होते, माणसाचं बनवतं, या प्राण्याचं बनवत नाही, त्याला तयार व्हिटॅमिनच लागतं. वीस पानांनंतर ते एकमेकांच्या शिक्षणावर घसरले होते.

शेवटी व्हेटकडे नेलं. बाई शांत होती. डोळे बघितले, तोंड उघडून बघितलं आणि स्वतः मोजून एक डोस दिला. म्हणाली, "हे व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जात नाही, लिव्हरमध्ये साठतं. कमी पडलं तर आंधळा होईल, जास्त झालं तर विष आहे. माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत. महिन्यातून दोनदा किड्यावर या पावडरची चिमूट, तीही मी सांगेन तेव्हापासून. तोपर्यंत ऊब, पाणी, मऊ किडे हातानं भरवायचे. बाकी काही करायचं नाही."

"काही नाही म्हणजे?" नंदूनं विचारलं.

"म्हणजे काही नाही."

गाडीत बसल्यावर नंदू म्हणाला, "फी घेतली अन् काही नाही करा म्हणते."

*

आता माझा भाग.

मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी. पुण्यात लॅबमध्ये नोकरी करत होते. लग्न करून इथे आले ती एच-फोरवर. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला लटकलेली बायको, जिला काम करायला बंदी. दोन वर्षं घरात. सकाळी संजय ऑफिसला गेला की मी डबे पुसायची. पुसलेले डबे परत पुसायची. चिडचिड इतकी व्हायची की मायक्रोवेव्हचे शेवटचे दहा सेकंदही धीर धरवत नसे. मला स्वस्थ बसता येत नाही, कधीच आलेलं नाही.

व्हेटकडे जाऊन आठवडा होतोय तोच ऑफिसनं नंदूला तीन आठवड्यांसाठी मेक्सिकोच्या प्लँटवर पाठवलं. आम्ही तीन घरांनी संध्याकाळचे वार वाटून घेतले, पण रोजची सकाळ, किल्ली आणि जबाबदारी माझ्याकडे. नंदूनं किल्ली हातात दिली आणि म्हणाला, "मंजू, तुझ्यावर सोडून चाललोय. तुला यातलं समजते."

दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर काहीतरी सोडलं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही, आनंदानं.

आणि काम काय? काही न करणं. रोज जायचं, ग्लास भरायचा, एक मऊ किडा तोंडाशी धरायचा, डोळा बघायचा. डोळा तसाच. पहिला दिवस, दुसरा दिवस, पाचवा दिवस, डोळा तसाच. माझ्या मनात यायला लागलं, त्या बाईनं डोस कमीच दिला असणार. अमेरिकन लोकांचा हात आखडताच.

आपल्या प्रत्येकाच्या बॅगेत येताना आईनं भरलेली कॉडलिव्हर ऑइलच्या पिवळ्या गोळ्यांची बाटली असते. सहाव्या दिवशी मी एक गोळी टाचणीनं फोडली आणि मामलेदारांच्या ओठावर एक थेंब ठेवला. एकच. त्यांनी चाटला. मला इतकं बरं वाटलं की मी घरी येऊन गाणं म्हणत पोळ्या केल्या.

संजयला सांगितलं नाही. कोणालाच नाही.

*

तिसऱ्या आठवड्यात मामलेदारांचा गळा पाण्यानं भरल्यासारखा फुगला आणि पाठीची कातडी नको तिथे सोलायला लागली. मी व्हेटला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वरून कोणी काही दिलंय का?"

"नाही," मी म्हणाले.

एमएस्सी झालेली बाई मी. लॅबमध्ये कोणी रीडिंग खोटं लिहिलं तर मी आरडाओरडा करायची. आणि इथे फोनवर सरळ "नाही". एका थेंबानं इतकं होईल, हे मला पटत नव्हतं. पण दुसरं काही कारणही दिसत नव्हतं.

*

त्याच शनिवारी नंदू परत आला आणि दोन दिवसांनी त्याची आई आली, दीड महिन्यासाठी. कुमुदकाकू. काटोलकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षं नर्स. बुटक्या, पायात स्पोर्ट्स शूज, कपाळावर रुपयाएवढी काळपट टिकली. मुलाचं लग्न जमवायला आल्या होत्या. घरात शिरल्या तर समोर सरडा.

आम्ही सगळे तिथेच होतो. आता काय होतंय ते बघत बसलो. काकूंनी बॅग ठेवली, चष्मा चढवला, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि बोटानं मामलेदारांच्या डोळ्याची पापणी अलगद खाली ओढली.

"व्हिटॅमिन ए," म्हणाल्या.

नंदूनं विचारलं, "तुला कसं कळलं?"

"तीस वर्षं चमच्यानं हेच पाजलं न मी लेकरांना." मग गळ्याकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "आधी कमी होतं, मग जास्त झालं. कार्ड कुठे आहे याचं?"

"कसलं कार्ड?"

"किती दिलं, कोणत्या तारखेला दिलं, ते. कार्ड नाही? काहून रे, कार्डाशिवाय डोस देता तुम्ही?"

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. एकदा एका बाईनं मुलाला सकाळी त्यांच्या बूथवर आणलं, डोस पाजून घेतला, आणि दुपारी चार मैल चालत शेजारच्या गावच्या बूथवर नेऊन परत पाजला. मूल रात्रभर ओकलं. काकूंनी विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "पहिल्या बाईनं चमचा जरा रिकामाच धरला होता."

"ते अडाणीपण नव्हतं न," काकू म्हणाल्या. "ते प्रेम होतं. प्रेमाचं माप नाही राहत, म्हणून कार्ड लागते."

मी खाली मान घालून नखं बघत होते.

*

काकूंनी नंदूच्या प्रिंटरमधला एक कागद घेतला, दुमडला, पट्टीनं रेघा मारल्या. तारीख, काय दिलं, कोणी दिलं. तो पिंजऱ्याजवळच्या टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं.

"मी आत चहा ठेवते. एकेकानं जायचं, लिहायचं, यायचं. मी रागवणार नाही. पण डॉक्टरीणबाईला खरा आकडा सांगितला नाही तर हा जीव जाईल."

पहिली मी उठले. मामलेदार उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होते. मी लिहिलं: कॉडलिव्हर, एक थेंब, मंजिरी. मी पुण्याची, चूक कबूल करायला आम्हाला वेळ लागतो, पण तेव्हा एका मिनिटात केली. परत येऊन बसले आणि आता सगळे माझ्याकडे कसे बघतील याचा विचार करत होते.

तेवढ्यात स्मिता उठली.

मग अविनाश उठला. स्मितानं त्याच्याकडे असं बघितलं की तो एकदा खाली बसला आणि परत उठला. मग केतन गेला आणि बराच वेळ लिहीत होता. आणि मग संजय उठला. माझा नवरा! ज्यानं आयुष्यात त्या पिंजऱ्याला हात लावला नाही, जो मला "त्या पालीकडे जाऊन आल्यावर अंघोळ कर" म्हणायचा, तो.

शेवटी नंदू उठला.

काकू चहा घेऊन आल्या. कार्ड उचललं आणि मोठ्यानं वाचलं. मंजिरी एक थेंब. स्मिता एक थेंब. अविनाश एक. केतन दोन, दोन वेगवेगळ्या दिवशी. संजय एक, पुढे कंसात "बिचारा वाटला". आणि सगळ्यात आधीची तारीख, मेक्सिकोला निघायच्या सकाळची: नंदकुमार, एक थेंब.

सात थेंब. सगळ्यांच्या सात पिढ्या कॉडलिव्हरवर वाढलेल्या. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकटेच देतोय, आणि बाकीचे नुसते बघत बसलेत.

अविनाश स्मिताला म्हणाला, "तू मला सांगायचंस तरी."

"तू कुठे सांगितलंस?"

काकूंनी चहाचे कप वाटले. "चांगली माणसं आहात," म्हणाल्या. "लई घातक आहात."

फोन मी केला. व्हेटला म्हणाले, त्या दिवशी मी खोटं बोलले, सात थेंब गेलेत. ती म्हणाली, "थँक यू. आता मला काम करता येईल." सहा आठवडे व्हिटॅमिन पूर्ण बंद. वाचेल का, ते तिला सांगता येत नव्हतं.

मी किल्ली नंदूसमोर टेबलावर ठेवली. त्यानं काही बोलायच्या आत काकूंनी ती उचलली आणि परत माझ्या हातात दिली. "खोटं बोलून जे स्वतः फोन करते, ते माणूस कामाचं."

*

सहा आठवडे कार्ड माझ्याकडे. रोज सकाळी दहा वाजता मी जायची, मामलेदारांना किचनच्या काट्यावर ठेवायची, वजन लिहायची. काकूंनी अंगणवाडीसारखा तक्ता करून फ्रीजवर लावला होता, हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा, आणि सवयीनं खाली "वरचा आहार" हा रकानाही, बाळाला दुधाशिवाय पहिला घास देतात तेव्हा भरायचा. मामलेदार लालमध्ये होते. आणि "आज काय दिलं" या रकान्यात, किडा आणि पाणी सोडून वरचं काही नाही, म्हणून रोज माझ्या हातानं लिहायचं: काही नाही.

हे दोन शब्द लिहायला मला जो त्रास झाला तो एमएस्सीच्या थिसिसला झाला नव्हता. हात शिवशिवायचे. मी काकूंना म्हणायची, "काकू, निदान थोडं..." आणि त्या पेन पुढे करायच्या.

चौथ्या आठवड्यात जर्सी सिटीहून नंदूला बघायला एक मुलगी आणि तिचे आई-वडील आले. कार्यक्रम छान झाला. मुलगी आवडली, नंदू चक्क बोलला, पोहे उत्तम झाले. मुलीची आई पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेली तेवढंच. आठवड्यानं मध्यस्थाचा निरोप आला: "मुलगा चांगला आहे, पण घरात जेवणाचे हाल दिसतात. फ्रीजवर तारीखवार लिहिलंय. आज काय दिलं? काही नाही. काल? काही नाही. सव्वीस दिवस!"

काकूंनी निरोप ऐकला आणि म्हणाल्या, "वाचायला येते त्यांना, हे बरं आहे."

*

सहा आठवडे झाले. गळा उतरला होता, दोन्ही डोळे उघडे होते, वजन पिवळ्या पट्ट्याच्या वरच्या काठाला होतं. पण जीभ सुटत नव्हती. किडा अजून मीच तोंडात भरवत होते. व्हेट म्हणाली होती, जीभ आली तर आली, नाही तर असंच जन्मभर. आणि काकूंचं परतीचं विमान चार दिवसांवर आलेलं.

शनिवारी सकाळी पावडरचा पहिला दिवस ठरला. सगळे हजर. केतन नोव्हायहून पाऊण तास ड्राइव्ह करून आलेला. काकूंनी मला पेन दिलं. "आधी लिही, मग दे."

मी तारीख लिहिली. "एक किडा, पावडर एक चिमूट." मग रातकिडा पावडरीत घोळवला, तळहातावर ठेवला आणि हात पिंजऱ्याच्या उघड्या दारापाशी धरला, वीतभर अंतरावर. किडा बसून होता. मामलेदारांचा एक डोळा किड्यावर आला. दुसरा डोळा फिरत फिरत माझ्या खांद्यावरून मागे गेला. काकू वाकून बघत होत्या.

मामलेदारांचा गळा हलला. तोंड जरासं उघडलं.

फट्.

किडा माझ्या हातावर तसाच होता. काकूंच्या कपाळावरची टिकली नव्हती.

"आई!" नंदू ओरडला. "ते गिळतील, काढा, डॉक्टरला फोन करा..." स्मिता धावली, अविनाश धावला, संजय चिमटा शोधायला लागला, केतननं दोन्ही हात पिंजऱ्यात घातले.

"कोणी काहीही करायचं नाही," काकू म्हणाल्या.

सगळे जिथल्या तिथे थांबले. पाच हात हवेत. मामलेदारांनी टिकली दोनदा चावली, विचार केला आणि थुंकून टाकली. मग दोन्ही डोळे एकदम माझ्या तळहातावर आणले. मला हातावर एक ओला फटका जाणवला, आणि हात रिकामा झाला.

मी रडत होते. नंदू पण. काकूंनी कार्ड माझ्यासमोर सरकवलं.

"लिहिलंय की काकू आधीच. एक किडा, पावडर एक चिमूट."

"ते दुसरं. पहिलं राहिलं न. दिलं ते सगळं लिहायचं."

"पहिलं काय लिहू?"

काकूंनी मोकळ्या कपाळावरून हात फिरवला, जरा विचार केला.

"लिही, वरचा आहार सुरू."